दादाची बारा उत्तरं

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू दर दोन दिवसांनी फोन करतेस आणि मी दर दोन दिवसांनी फोनवर रडते. यात दोघींचाही वेळ जातो आणि तुला इथलं धड काही कळत नाही. म्हणून आज पेन घेऊन बसले आहे. कागदावर रडलं की शाई पसरते, त्यामुळे माणूस जरा जपून राहतो. सदतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं आहे, तेव्हा मुद्द्याचं आधी आणि रडगाणं मागाहून.

दादाला अर्धांगाचा झटका येऊन आज तेवीस दिवस झाले. तू पहिले आठ दिवस इथे होतीस तेव्हाच्या मानाने पाय थोडा उचलतो, उजवा हात मात्र अजून लाकडासारखा पडून असतो. जीभ जड आहे. एक वाक्य बाहेर यायला मिनिटभर लागतं आणि ऐकणाऱ्याला तेवढा दम नसतो. डोकं अगदी जागेवर आहे. परवा माझ्या चष्म्याची काडी वाकलेली त्याने मी अगदी जवळ वाकले तेव्हा हेरली आणि डाव्या हाताने खुणा करकरून माझ्याकडून सरळ करून घेतली. पन्नास वर्षं लोकांचे डोळे तपासून चष्मे बनवले त्याने, ती नजर कुठे जाते!

घोडं अडलंय ते गिळण्यापाशी. गिळणं तपासायला एक बाई येतात. त्यांनी सांगितलं की घोट पोटात जायच्याऐवजी श्वासनळीत उतरतो. म्हणून सगळं घट्ट करून, चमच्या-चमच्याने, मान खाली घालायला लावून द्यायचं. एका जेवणाला दीड तास लागतो. मीच भरवते. दोनदा ठसका लागून काळानिळा झाला, आणि मागच्या आठवड्यात छातीत कफ भरून चार दिवस ताप होता. आता डॉक्टरांचं म्हणणं असं, की पोटाला बारीक भोक पाडून नळी बसवावी आणि अन्न तिच्यातूनच द्यावं. तोंडाने काही नाही.

हे वॉर्डातल्या डॉक्टरने संध्याकाळची फेरी संपवता संपवता, उभ्या उभ्या सांगितलं. नळी म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून नको निघून गेलं, आणि दादानेही माझ्याकडे बघून मान हलवली. तुझी काकू शेवटी पाच महिने नळीवर होती, ते तू पाहिलं आहेस. शुद्ध नाही, ओळख नाही. तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर बसून दादा मला म्हणाला होता की माझ्यावर अशी वेळ आली तर हे होऊ देऊ नकोस. मी शब्द दिला आहे, भिंगरी. नऊ वर्षं झाली, पण शब्द काही शिळा होत नाही.

दादाने मान हलवल्यावर डॉक्टरने त्याला तारीख विचारली. तीन आठवडे छताकडे बघत पडलेल्या माणसाला कसली तारीख! त्याने जानेवारीतली सांगितली. पुढचा प्रश्न विचारून त्याचं उत्तर अर्ध्यात असतानाच डॉक्टर उठला, आणि कागदावर लिहून मोकळा झाला की हा रोगी निर्णय घेण्यास असमर्थ आहे. मग सख्खी बहीण, जवळची नातेवाईक म्हणून नळीच्या संमतीचा कागद माझ्यापुढे आला. मी सांगितलं की पेनातली शाई संपली आहे. पर्समध्ये तीन पेनं होती.

आता तूच सांग काय करू. असली कामं तू रोज करतेस.

तुझ्या पत्राकडे आणि तुझ्या मायेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आत्या

ता. ८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शाई संपल्याची थाप वाचून बसमध्ये एकटीच हसले, शेजारच्या बाई सरकून बसल्या. सही केली नाहीस हे फार चांगलं केलंस.

तू म्हणतेस ते खरं, माझ्याकडे हेच काम आहे. एखाद्या रोग्याला स्वतःच्या उपचारांचा निर्णय स्वतः घेता येतोय का, याची शंका आली की आमच्या इस्पितळात मला बोलावतात. पण घरच्या माणसाची तपासणी मला करता येत नाही, आणि करूही नये. तू वॉर्डातल्यांना नीट, लेखी सांग, की काकांची ही तपासणी रीतसर व्हावी. तारीख सांगता आली नाही म्हणून माणसाला निर्णय घेता येत नाही, असं होत नाही. आणि डॉक्टरला न पटणारा निर्णय घेतला म्हणजे डोकं फिरलं, असंही होत नाही. शहाणी माणसंसुद्धा आयुष्यभर वेडे निर्णय घेत असतात. मी लग्न केलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते आठव.

बघतात ते एवढंच. उपचार काय आहे हे त्यांना समजतं का. ते निर्णय होईपर्यंत ध्यानात राहतं का. केलं तर काय आणि नाही केलं तर काय, याचा स्वतःच्या दृष्टीने तोल करता येतो का. आणि जे ठरलं ते कोणत्याही मार्गाने सांगता येतं का. बोलून, लिहून, खुणेने, कसंही. साधारण असे प्रश्न असतात: नळी कशासाठी आहे, ती कुठे बसते, तिचा धोका काय, तोंडाने खाण्याचा धोका काय, नळी नाही घातली तर काय होईल, तुम्हाला काय हवं आहे आणि का. तुला कल्पना असावी म्हणून लिहिते आहे.

आणखी तीन गोष्टी. तपासणी सकाळी करायला सांग, संध्याकाळी ते थकतात. वेळ भरपूर द्यायला सांग. आणि काकांचा चष्मा! मी आले होते तेव्हा तो घरी आरशाजवळच्या खणात होता. अजून तिथेच असेल तर कमाल झाली. साऱ्या गावाला चष्मे लावणारा माणूस इस्पितळात धुरकट जगाकडे बघत पडलाय.

तपासणीच्या वेळी तू तोंडातून ब्रसुद्धा काढायचा नाहीस. तुला हे जड जाईल, मला ठाऊक आहे.

काकांना दिलेला शब्द तू विसरली नाहीस, याचं मला कौतुक वाटतं. पण आज त्यांना काय वाटतं ते त्यांच्याकडूनच कळू दे. आणि तूही वेळेवर जेवत जा.

तुझ्या लोभावर वाढलेली, अजूनही त्यावरच जगणारी,
भिंगरी

ता. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आधी पूर्ण वाच आणि मग फोन कर. अर्ध्यावर फोन करशील तर मी उचलणार नाही.

चष्मा खणातच होता. नेऊन लावला तर दादा पाच मिनिटं नुसता इकडेतिकडे बघत राहिला, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? समोरच्या भिंतीचा रंग वाईट आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मनात म्हटलं की प्रश्न माहीत आहेत, परीक्षा चार दिवसांवर आहे, विद्यार्थी हुशार आहे, फक्त बोलायला वेळ लागतो. मग कच्ची तयारी का ठेवायची? वहीचं पान फाडलं आणि तुझ्या प्रश्नांची फोड करून बारा प्रश्न काढले. प्रत्येकाचं नमुना उत्तर लिहिलं, एकेका ओळीचं, जड अक्षरं गाळून. उदाहरणार्थ, पहिलं: नळी पोटात बसवतात, तिच्यातून अन्न जातं. दुसरं: तोंडाने खाल्लं तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. असं करत बारावं: मी हे विचार करून सांगतो, मला नळी नको. चार दिवस सकाळ-दुपार घोकून घेतलं. घड्याळ लावून. पहिल्या दिवशी बारा उत्तरांना सव्वीस मिनिटं लागली, शेवटच्या दिवशी चौदा. मला इतका आनंद झाला, की कितीतरी वर्षांनी वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. दादाही मुकाट्याने पाठ करत होता.

तपासणीला तोच वॉर्डातला डॉक्टर आला. सकाळीच आला, खुर्चीवर बसला, म्हणजे माझ्या अर्जाचा थोडा परिणाम झाला म्हणायचा. मी दारात उभी राहिले. तोंडातून ब्र काढला नाही, देवाशपथ.

डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला की तुम्ही काम काय करत होता. दादाने शांतपणे उत्तर दिलं की नळी पोटात बसवतात, तिच्यातून अन्न जातं. डॉक्टरने विचारलं की घरी कोण कोण असतं. दादा म्हणाला की तोंडाने खाल्लं तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. पुढे काय सांगू! डॉक्टरने काहीही विचारलं तरी दादा आपला तिसरं, चौथं, पाचवं, एकामागून एक. क्रम चुकला नाही, शब्द चुकला नाही, नेमका प्रश्न तेवढा चुकत गेला. आठव्याला डॉक्टरने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ हलत होते म्हणे.

त्याने लिहिलं आहे की प्रश्नांचा आणि उत्तरांचा मेळ नाही, रोग्याला समज नाही, नातेवाइकाने पढवल्यासारखं वाटतं. संमतीचा कागद पुन्हा माझ्यापुढे आला आहे, सोमवारपर्यंतची मुदत देऊन. आणि आता त्यांना माझाही भरवसा वाटेनासा झाला आहे, जो वाटू नये हेच बरोबर.

मी हुशार म्हणून आयुष्यभर मिरवले आणि भावाला नापास केलं. दिलेला शब्द माझ्यामुळेच मोडायची वेळ आली. आता हवं तेवढं रागाव.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस,
तुझी आत्या

ता. १९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावले. पत्र वाचून आधी रागावले, मग सातव्या-आठव्या उत्तरापर्यंत पोचल्यावर हसू आलं, मग हसल्याबद्दल स्वतःवर रागावले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण पेपर फुटला तो माझ्याकडून. जन्मभर ज्या बाईने प्रश्नपत्रिका काढल्या, तिच्या हातात प्रश्न देऊन तिने स्वस्थ बसावं अशी अपेक्षा करणारी मीच अतिशहाणी.

तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंशी आज बोलले. सगळं खरं सांगितलं, माझ्या पत्रासकट. त्यांना आधी विश्वास बसेना, मग त्याही हसल्या. सोमवारची मुदत त्यांनी रद्द केली आहे. त्या स्वतः काकांना भेटतील, सकाळी, आणि एकदा नाही, दोन दिवस. खोलीत आणि दारात नातेवाईक कोणी नसेल. त्या अर्ध्या-पाऊण तासात तू खाली जाऊन झाडाखाली बसायचंस. ते बारा उत्तरांचं पान मात्र फाडून टाक.

आता एक नाजूक बोलते, रागावू नकोस. तुझं पहिलं पत्र मी काल परत काढून वाचलं. नळीचं नाव निघाल्यावर आधी तुझ्या तोंडून नको आलं आणि मग काकांनी तुझ्याकडे बघून मान हलवली. तूच लिहिलं आहेस तसं. आणि त्या बारा उत्तरांत शेवटचं उत्तर तुला आधीच माहीत होतं. घोकून घेताना तू त्यांना ते एकदा तरी विचारलंस का?

माझ्याकडे मागे एक रंगारी आजोबा होते. बायको खोलीत असली की ऑपरेशन हवं म्हणायचे, ती चहा प्यायला गेली की नको म्हणायचे. खोटं कधीच बोलत नव्हते, दोन्ही वेळा अगदी मनापासून. शेवटी मी बायकोला तीन दिवस चहाला पाठवलं तेव्हा कुठे उलगडा झाला. तुझ्या शब्दावर माझी शंका नाही, आत्या. तुझ्या मायेवर तर नाहीच. फक्त तू जवळ असलीस की काकांना तूच आधी ऐकू येतेस. मलाही येतेस, इतक्या लांबून.

काय होईल ते लगेच कळव. ओरडले तरी जवळ घेशील, या खात्रीने थांबते.

तुझी,
भिंगरी

ता. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तीन दिवस लागले. तुझी आत्या आली की कागद उशीखाली जातो.

डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. माझा चष्मा काढून काच पुसून दिली. पुसायची पद्धत चूक आहे, पण असो. चित्र काढून सगळं समजावलं. मी बोलत होतो तोवर थांबल्या. एक वाक्य दोन मिनिटं, तरी थांबल्या. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न फिरवून विचारले. मीही हेच करायचो. तीच काच काढल्यासारखी करून परत लावायची आणि विचारायचं की आता कसं. निम्मे लोक म्हणतात आता छान. मला बरं वाटावं म्हणून. खरा नंबर तिसऱ्या खेपेला कळतो.

त्यांनी लिहिलं आहे की मला निर्णय घेता येतो. मी नळी मागितली.

मला जगायचं आहे, भिंगरी. एकोणऐंशीव्या वर्षी हे म्हणायची लाज वाटते. लोकांना वाटतं की झालं की सगळं, पुरे आता. मला नाही वाटत पुरे झालं. सकाळी खिडकीतून ऊन पायावर येतं, ते उद्या पण यावं असं वाटतं. एवढंच आहे. मोठं कारण काही नाही.

तुझ्या काकूच्या वेळी बोललो ते खोटं नव्हतं. तिच्याकडे बघून बोललो होतो. ती गेल्यातच जमा होती. मी इथे आहे. नऊ वर्षांपूर्वीचा नंबर आज कसा चालेल?

ती बारा उत्तरं मी मुद्दाम क्रमाने म्हटली. ती माझी नव्हती. माझी म्हणून कोणी लिहून घेऊ नयेत. आणि तिने इतकी मेहनत घेतलेली, दारात उभी राहून माझ्यासाठी ओठ हलवत होती. तिच्यासमोर उलटं कसं बोलू? नापास झालो तेच बरं झालं.

ती दीड तास भरवते. तिचं ताट समोर गार होतं. ठसका लागला की तिच्या तोंडाकडे बघवत नाही. हेही एक कारण आहे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं की मग हा निर्णय बहिणीसाठी आहे का. मी म्हटलं की थोडा तिच्यासाठी, जास्त माझ्यासाठी.

तिला तू लिही. माझ्याने व्हायचं नाही. तिला वाटेल तिचा शब्द मी मोडला. तिला कळवायला मी आठ दिवस मागून घेतले आहेत.

हात दुखला. माया आहे तशी आहे, तुझीही असू दे.

काका

ता. २ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं कोंबडीच्या पायांचं पत्र मी जपून ठेवणार आहे. वाचून खूप रडले आणि मग शेजारच्या खोलीत जाऊन मुलीला उगाचच जवळ घेतलं. तिला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय.

आत्याला मी लिहिणार नाही. निर्णय तुम्ही घेतलात, तर तो सांगायचाही तुम्हीच. मी कळवलं तर तिला वाटेल की आपण दोघांनी तिच्यामागे काहीतरी शिजवलं. बोलायला जमत नसेल तर लिहून दाखवा. फार नको, तीन ओळी पुरेत. ती चिडेल, बहुधा एक दिवस, जास्तीत जास्त दीड. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

आणि जगावंसं वाटण्याची लाज वाटून घेऊ नका हो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती वाटते, आणि दरवेळी मी त्यांना हेच सांगते. नळी बसवायच्या दिवशी मी तिथे आहे.

तुमचा हात डोक्यावर असाच राहू दे, डावा चालेल.

तुमची,
भिंगरी

ता. ६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुला आधीच पत्र लिहिल्याचं सांगून काल दादाने मला एक कागद दिला. त्यावर तीन ओळी होत्या. मला नळी हवी आहे. मला जगायचं आहे. नऊ वर्षांपूर्वी तुझ्याकडून घेतलेल्या शब्दातून मी तुला मोकळं करतो.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तडक घरी निघून आले. घरी येऊन स्वच्छ घासलेली भांडी परत घासली. त्याने परस्पर मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगायच्या आधी मला का विचारलं नाही, तुला का लिहिलं, मला का नाही, असं त्या भांड्यांना विचारत होते. तुझ्यावरही फार चिडले. तुला आधीच शंका होती आणि तू मला झाडाखाली बसायला लावलंस.

आज सकाळी राग उतरला आणि खाली जे होतं ते दिसलं. त्याला नळी हवी याचं मला काही वाटत नाही गं. माझ्यापासून त्याला जगायची इच्छा लपवावी लागली, हे मला सहन होत नाही. तो पलंगावर पडून उद्याची वाट बघत होता, आणि मी त्याच्या उशाशी बसून त्याच्या मरणाची तत्त्वं सांभाळत होते. एवढंच नाही, ती त्याच्याकडून पाठही करून घेत होते. एकदा तरी विचारलंस का असं तू लिहिलं होतंस. नाही विचारलं. मी आयुष्यात कधी उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला नाही. शिक्षकाची खोड.

दुपारी गेले. दादा दाराकडेच बघत होता. मी त्याला सांगितलं की हस्ताक्षराला दहापैकी दोन गुण. तो इतका हसला की ठसका लागला आणि नर्स धावत आली.

नळी गुरुवारी बसवणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की चार महिन्यांनी गिळणं पुन्हा तपासू आणि तेव्हा त्यांना पुन्हा विचारू. तू बुधवारीच ये. बिछाना घातलेला आहे.

चुकले तरी आत्याच आहे, तेवढी माया ठेव.

तुझी,
आत्या

ता. ११ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी आणि छोटीची सर्दी गेली का ते आधी कळव. फोनवर तुझा आवाज अजून बसलेला वाटला.

दादाचं वजन पाच किलोने वाढलं. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो आणि तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चष्म्यांना नावं ठेवतो. नळीचं म्हणशील तर मी त्यात इतकी तरबेज झाले आहे, की इस्पितळातल्या नव्या नर्सेसना माझ्याकडे शिकायला पाठवायला हवं. सकाळी सहाला पहिलं, नवाला दुसरं, आधी पाणी, मग अन्न, मग परत पाणी, पलंगाचं डोकं वर. फळ्यावर वेळापत्रक लावलं आहे. चार महिन्यांत एकदाही छाती भरली नाही, एकदाही ताप नाही. ठसक्याच्या आवाजाने दचकून उठणं बंद झालं. मी माझं गरम गरम जेवते आणि तो समोर बसून मी कसं चावते यावर टीका करतो.

काल चार महिने पूर्ण झाले. गिळणं तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं की गिळणं बरंच सुधारलं आहे, पण पुरतं नाही. मऊ अन्न जाईल. तरी केव्हातरी एखादा घास चुकीच्या वाटेने उतरायचा धोका राहणार, आणि या वयात तसा एकच घास पुरेसा होऊ शकतो. नळी ठेवली तर तो धोका पुष्कळ कमी. काढली तर जन्मभर प्रत्येक जेवण जपून. मग डॉक्टरीणबाई आल्या आणि आधी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की तुम्हाला काय वाटतं. मी म्हटलं की मी खाली झाडाखाली आहे.

पाऊण तास बसले. मुंग्या मोजल्या.

वर आले तर दादाचं ठरलं होतं. नळी काढायची. आता तो बऱ्यापैकी बोलतो, तेव्हा मला त्याने स्वतःच सगळं सांगितलं. नळीमुळे तो उभा राहिला, त्यासाठी ती हवी होती. आता त्याला जेवायचं आहे. धोका त्याला समजला आहे, किती आहे आणि कसला आहे तेही त्याने मला आकड्यांसकट सांगितलं. ते पाठ केलेलं नव्हतं, मला कळतं त्यातलं. पुढे म्हणाला की असं करून दोन वर्षं मिळाली तर ती चालतील, न जेवता पाच नकोत. मी विचारलं की कधी काढायची. बुधवारी, म्हणाला. मी बरं म्हटलं आणि त्याच्यासाठी मऊ काय काय करता येईल त्याची यादी करायला बसले.

यादी छान झाली आहे. दादाने तीन गोष्टी वाढवल्या आणि एक खोडली.

भिंगरी, मला ती नळी राहायला हवी होती. पहिल्यांदा नको होती तेव्हा मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलले. या खेपेला हवी होती, इतकी की झाडाखाली बसून हात जोडत होते, आणि तोंड मिटून बसले. मला त्याची पाच वर्षं हवी आहेत. हे त्याला मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, नाहीतर तो नळी ठेवून घेईल.

बुधवारी तू जवळ असावीस असं फार वाटतं. जमलं तर ये, आणि नाहीच जमलं तर तुझ्या मनातून मला हलू देऊ नकोस.

तुझी,
आत्या